पाचवा महिना आणि मुलाखत

मा. संपादक,

मला अकाउंट्सचा आठ वर्षांचा अनुभव आहे. सध्या पाचवा महिना सुरू आहे आणि मी नोकरी शोधते आहे. परवा अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत छान चालली होती. जीएसटी झालं, टॅली झालं, पगाराचा आकडाही निघाला. ओढणी सावरताना साहेबांची नजर पोटावर गेली आणि पेनाला टोपण लागलं. ‘ताई, बाळंतपण उरकून या, मग बघू.’ सातपूरलाही हेच ऐकलं.

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत तिथे ८० दिवस काम झालेलं लागतं. आज रुजू झाले तर माझे ते भरतात, आणि हा हिशेब मालकालाही येतो. पगार ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेच्या मर्यादेबाहेर असेल तर रजेचा सगळा खर्च त्याच्याच खिशातून जातो. छोट्या कारखानदाराची ही अडचण मला खरंच समजते. मग सरकारने त्यातला वाटा उचलावा ना! रजेवर गेलेल्या बाईला कामावरून काढायला कायद्याने बंदी आहे, पण दारातूनच परत पाठवलेल्या बाईने कुणाकडे जायचं? कामगार खात्याने याचं उत्तर द्यावं. सोमवारी माझी सिन्नरला मुलाखत आहे. पाचवा महिना आहे, हे मी आधीच सांगणार आहे.

– एक वाचक, सिडको, नाशिक