रॅमची दुसरी स्टिक बसवून देणाऱ्या दादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

मुलासाठी लॅपटॉप निवडताना आपण जो वेळ दिलात, त्याबद्दल हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपले दुकान दुरुस्तीचे असून आमच्या खरेदीतून आपल्याला एक रुपयाही मिळणार नव्हता. अभ्यासासाठी लॅपटॉप हवा, त्यावर थोडेफार गेमही चालावेत आणि खर्च पन्नास हजारांच्या आत बसावा, एवढे ऐकताच इतरांनी मॉडेलांची नावे सांगायला सुरुवात केली होती. आपण मात्र आधी मुलालाच विचारलेत की तो नेमके कोणते गेम खेळणार. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जमलेच तर जीटीए 5, हे उत्तर ऐकून आपण स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विषय बाजूला ठेवलात, आणि सायबरपंक 2077 सारख्या जड गेमचा हट्ट या पैशांत धरायचा नाही, हेही त्याला तिथेच बजावलेत. (ते माझ्याकडून त्याने ऐकले नसते.)

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीतून, म्हणजे रॅममधूनच आपला वाटा घेते, म्हणून रॅम किती यापेक्षा ती किती स्टिकमध्ये (पट्ट्यांमध्ये) आहे हे आधी पाहावे, हा आपला सल्ला सर्वांत मोलाचा ठरला. 3200 वेगाची डीडीआर4 रॅम एकाच स्टिकमध्ये असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहितीची ने-आण होते आणि दोन स्टिक असतील तर 51.2 जीबी, हे गणित आपण पावतीच्या मागे मांडून दाखवलेत. आम्ही घेतलेल्या, इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय5 प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये 8 जीबीची एकच स्टिक होती. आपण खालचे झाकण उघडून रिकाम्या स्लॉटमध्ये तेवढीच दुसरी स्टिक तिरपी सरकवून दाबलीत, लॅपटॉप सुरू केलात, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये जिथे मघाशी ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसत होते तिथे ‘आयरिस एक्सई’ हे वरच्या दर्जाच्या ग्राफिक्सचे नाव आले. चिप तीच होती. पण दोन्ही चॅनल (प्रोसेसर आणि रॅम यांमधले मार्ग) भरल्याशिवाय इंटेल ते नाव दाखवत नाही, ही गोष्ट शोरूममध्ये कोणीही सांगितली नव्हती.

आम्हाला भुरळ घालणाऱ्या एएमडी कंपनीच्या रायझन 5 7520यू या प्रोसेसरबद्दलही आपण वेळीच सावध केलेत. सुरुवातीचा 7 पाहून चिप नवी वाटते, परंतु तिसरा आकडा 2 असल्यामुळे आतली रचना 2019 च्या झेन 2 या जुन्या पिढीची, आणि ग्राफिक्सचे काम करणारी युनिट अवघी दोन. त्याच 7000 मालिकेतील 7735एचएस मध्ये ती बारा असतात, पण तो आमच्या खर्चात बसत नव्हता. शिवाय 7520यू सोबतची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्याने पुढे वाढवण्याची सोयही राहिली नसती.

आता व्हॅलोरंट कमी सेटिंगवर सुरळीत चालतो. जीटीए 5 साठी रिझोल्यूशन (चित्राची स्पष्टता) 720पी इतके खाली आणावे लागते आणि तासाभरानंतर पंख्याचा आवाज वाढतो, पण त्याबद्दल आपण आधीच सांगितले होते, त्यामुळे तक्रार नाही.

आपण मजुरी घेतली नाहीत, ते मात्र मला रुचलेले नाही. मुलाचे दोन मित्र हाच प्रश्न घेऊन येत्या रविवारी आपल्याकडे येणार आहेत; त्यांच्याकडून ती अवश्य घ्यावी, तसे त्यांच्या पालकांना मी सांगून ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
एक ग्राहक