बाबा, सही करण्याआधी

ग्लासगो

ती. आई-बाबांस शि. सा. न.

बाबा, आपल्या चाळीच्या पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करावी का, हे तुम्ही फोनवर विचारलंत. चार मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले. माझं काम नेमकं काय, हेही त्यातच येईल.

आमची हाउसिंग असोसिएशन बिल्डरची नाही, सरकारी खातंही नाही. परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायची, जुनी सांभाळायची आणि जे उरेल ते कुणी वाटून न घेता पुन्हा घरांवरच खर्च करायचं, अशी ही संस्था. एक पौंड भरला की भाडेकरू सभासद होतो, समितीवर निवडून येऊ शकतो. भाडं किती वाढवायचं, कुठल्या इमारतीच्या खिडक्या आधी बदलायच्या, हे समिती ठरवते, तेही बिनपगारी. आमच्याकडचे एक निवृत्त बसचालक हिशेबाचा कागद ओळ न् ओळ वाचतात. त्यांच्याकडे बघून बाबा, मला तुमची आठवण येते.

इथल्या जुन्या इमारती आपल्या चाळीच्याच वयाच्या. दगडी, तीन-चार मजली, घरात एक-दोन खोल्या आणि संडास जिन्याच्या वळणावर, सगळ्यांत मिळून एक. जिना धुवायच्या पाळ्या लावलेल्या असत. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला कार्ड अडकवायचं. आई, तुला यातलं काही समजावून सांगायला नको. 1950-60 च्या दशकांत पालिकेने अशा वस्त्याच्या वस्त्या पाडल्या आणि माणसं ईस्टरहाउस, ड्रमचॅपलसारख्या शहराच्या टोकाच्या वसाहतींत नेऊन टाकली. घरात न्हाणीघर आलं, पण जवळ दुकान नाही, काम लांब, शेजार फुटला. पाडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, हे मात्र खरं.

गोवन भागात 1971 मध्ये स्थानिक असोसिएशन उभी राहिली आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा रस्ता धरला गेला. स्वयंपाकघरात पलंगासाठी जो कोनाडा असे, त्यात न्हाणीघर आणि संडास बसवले. माणसं आपापल्या गल्लीतच राहिली. 1974 च्या कायद्याने अनुदान मिळू लागलं, तशा शहरभर अशा संस्था निघाल्या. याच गोवनमध्ये 1915 साली, पहिल्या महायुद्धात, मेरी बार्बर आणि शेजारणींनी भाडेवाढीविरुद्ध भाडं रोखून धरलं होतं. त्याच वर्षी सरकारला भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. आपल्या मुंबईतला तसा कायदा 1918 चा, त्याच युद्धातला.

माझा दिवस मात्र बराचसा जिने चढण्यात जातो. गेल्या थंडीत एका आजींचं भाडं थकलं म्हणून गेले, तर त्या कोट घालूनच घरात बसलेल्या. हीटर बंद, आधी पैसे भरून चालणाऱ्या मीटरमध्ये पैसे नाहीत. थकबाकीचं पत्र मी पिशवीतून काढलंच नाही. आधी मीटर भरायची सोय केली, मग त्यांच्या शेजारी बसून पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज भरला. हा पैसा त्यांच्या हक्काचा होता, पण आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्या आमच्या दुपारच्या जेवणाला येतात.

इथेही सगळं आलबेल नाही. घरासाठी रांग फार मोठी आहे, 2023 मध्ये पालिकेने घरांच्या बाबतीत आणीबाणीच जाहीर केली. पण घर दिलं की काम संपलं असं इथे कुणी मानत नाही, आणि मला वाटतं आपल्याकडच्या टॉवरांमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. खोली फुकट मिळते, मग लिफ्ट-पंपाचा मेंटेनन्स सुरू होतो आणि पेन्शनीवरची माणसं दोन-चार वर्षांत विकून विरारला जातात.

म्हणून बाबा, रविवारच्या सभेत चौरस फुटांबरोबर हेही विचारा: कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा निधी, किती आणि तो कुणाच्या नावावर राहणार? महिन्याचा मेंटेनन्स अंदाजे किती येईल? काम रखडलं तर बाहेरचं भाडं कोण देणार? तळमजल्यावरच्या काकूंच्या नावावर पागडीची पावती नाही, त्यांचं काय? उत्तरं लेखी घ्या आणि तोवर सही करू नका. घाई करतील, करू देत.

मसुद्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवा, मागची परिशिष्टंसुद्धा. आई, बाबांना चष्मा लावून सावकाश काढायला सांग, मागच्या वेळी अर्धी पानं हलली होती. शनिवारी मला सुट्टी आहे, तेव्हा बसून वाचते आणि संध्याकाळी फोन करते.

तुमची,
धाकटी