ज्यूरी नको, पण पंचाला बसायला जागा द्या

महोदय,

एखाद्या गाजलेल्या खटल्यात आरोपी सुटला की ‘आपल्याकडे पुन्हा ज्यूरी आणा’, म्हणजे दोषी की निर्दोष हे सामान्य नागरिकांच्या मंडळाला ठरवू द्या, ही मागणी हमखास डोकं वर काढते. लगेच कोणीतरी ऐकवतं, की नानावटी खटल्यात ज्यूरीने घोळ घातला म्हणूनच ती बंद झाली. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या एप्रिल १९५९ मध्ये. ज्यूरी रद्द करा, अशी शिफारस कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने त्याच्या आदल्याच वर्षी, चौदाव्या अहवालात केली होती. काही ठिकाणी ज्यूरी पुढेही रेंगाळली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थानच उरलं नाही. (पारशी विवाहविषयक न्यायालयांत समाजाचे प्रतिनिधी बसतात, तेवढीच काय ती तिची खूण.)

मुंबईच्या त्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. अपघाताचा, म्हणजे गोळ्या चुकून सुटल्याचा, बचाव कायद्यात कधी टिकतो हे खुद्द न्यायाधीशांनीच ज्यूरीला नीट समजावून दिलं नव्हतं, असं उच्च न्यायालयाला आढळलं. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर १९६१ मध्ये तेच मान्य करून उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम केली. मग सगळं खापर त्या नऊ जणांवर कशाला?

तरीही मला ज्यूरी नको आहे, आणि त्याचं कारण म्हणजे आहुजांचा टॉवेल. ते नुकतेच आंघोळ करून आले होते, अंगावर तेवढाच टॉवेल होता. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. पण गोळ्या लागून माणूस कोसळला तरी टॉवेल ना सुटला ना सैल झाला. झटापट झाली असती तर तो जागच्या जागी कसा राहिला असता? न्यायमूर्तींना या प्रश्नाला निकालपत्रात सामोरं जावं लागलं. ज्यूरीला त्यावर चकार शब्द बोलावा लागला नव्हता. निर्दोष म्हणायचं आणि घरी जायचं. ज्याच्या विरोधात निकाल जातो त्याला ‘का?’ एवढं तरी विचारता आलं पाहिजे, आणि लेखी उत्तर हातात असेल तरच त्यावर धड अपील करता येतं.

दुसरं म्हणजे ज्यूरीत बसतं कोण? १९०८ मध्ये टिळकांवर खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून, आणि ज्यूरीत होते सात युरोपीय व दोन पारशी. ज्यांनी न्याय करायचा त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरं. त्या भाषांतरांतल्या चुका दाखवत टिळक दिवसचे दिवस बोलत राहिले. कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. त्यानंतर ते जे बोलले, ते आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे.

ज्यूरीवाले म्हणतात, न्यायदानात सामान्य माणूस हवा. अहो, तो आजही आहे, पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार म्हणून! आमच्या इमारतीखालच्या दुकानात चोरी झाली तेव्हा मी पंच होतो. लाखेचं सील लावलेल्या पाकिटावरच्या चिठ्ठीवर सही केली. चार वर्षांनी समन्स आलं. दोन तारखांना दिवसभर व्हरांड्यात उभा राहून परत आलो. बाक एकच, त्यावर आधीच दाटी. साक्षीदाराला भत्ता मिळतो हे तिसऱ्या तारखेला एका शिपायाने सांगितलं, तेव्हा कळलं. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तेच पाकीट पुढे आलं. ‘सही तुमचीच का?’ सही माझीच होती, पण कोपरा फाटलेला आणि शाई उडालेली. ‘तुम्ही सही पोलीस ठाण्यातच केलीत ना?’ असं आरोपीच्या वकिलांनी चार-पाच वेळा विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. माझ्याबरोबरचे दुसरे पंच मात्र ‘काही आठवत नाही’ म्हणून मोकळे झाले. ते फितूर झाले, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हातावर पोट, तीन दिवसांची मजुरी बुडाली होती.

प्रत्येक न्यायालयात पंच-साक्षीदारांना बसायला वेगळी खोली द्यावी, तारीख पुढे जाणार असेल तर आदल्या दिवशी फोनवर कळवावं आणि भत्ता त्याच दिवशी हातात पडावा. एवढं शासनाने आणि उच्च न्यायालयाने मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, डोंबिवली