माळ्यावरचा डबा भंगारात देण्याआधी...

नमस्कार मंडळी,

दिवाळीची साफसफाई सुरू होईल, माळे रिकामे होतील आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर काय काय चढेल, याची आम्हाला आत्तापासूनच धास्ती आहे. फियाटच्या हेडलाइटची रिंग, लॅम्ब्रेटाचा कार्बोरेटर, जावाच्या टाकीचं झाकण, वडिलांनी जपलेलं सर्व्हिसचं पुस्तक. असं काही सापडलं तर किलोच्या भावाने देऊ नका. आधी आमच्या मंडळाला विचारा.

आम्ही मुंबईतली जुन्या गाड्यांची हौशी माणसं. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आमच्याकडे नाहीत; त्यांची काळजी घ्यायला पैसेवाले समर्थ आहेत. आमचा जीव अडकलाय तो याच शहरात बनलेल्या गाड्यांत. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडल्या. आधीची गोल पाठीची 'डुक्कर फियाट', मग डिलाइट, मग पद्मिनी. लॅम्ब्रेटासुद्धा मुंबईच्याच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा फोटो काढायला गर्दी उसळली होती. त्यातल्या निम्म्यांनी एकेक बोल्ट जपला असता तर हे आवाहन लिहावं लागलं नसतं!

आता मुद्द्याचं. पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' या व्हिंटेज गाड्यांसाठीच्या खास मालिकेचा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीला ५ हजार. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणजे अस्सल पार्ट हवेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही ते आता सहज हाती लागत नाहीत. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइप त्याने खराब होतात, आणि आपल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं, की टाकी आतून गंजलीच.

म्हणून पार्टांइतकीच आम्हाला माणसं हवीत. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप कानाने ओळखणारे, फियाटचा हँडल-गिअर (स्टीअरिंगजवळचा गिअर) डोळे मिटून जुळवणारे मिस्त्री थकत चाललेत. तुमच्या ओळखीत कोणी असतील तर त्यांना आमच्याकडे घेऊन या. रविवारी सकाळी पोरांना शिकवतील. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन मंडळ देईल. देणग्यांचा मोठा वाटा याच कामाला जाणार आहे, उरलेला पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाला. फूल ना फुलाची पाकळी, जमेल ते द्या. पावती प्रत्येकाला मिळेल. पावसाळ्यात दोन गाड्या मावतील अशी बंदिस्त जागा कोणी दिली तर दुधात साखर.

विमानवेड्यांनाही निरोप. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन 'पुस मॉथ' या छोट्या विमानातून जुहूच्या विमानतळावर उतरले. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की विमानांना पुण्याला मुक्काम हलवावा लागे. जुहूला काम केलेल्या कोणाच्या घरी जुनी लॉगबुकं, नकाशे, फोटो असतील तर आम्ही प्रती काढून घेऊ, मूळ कागद तुम्हाला परत करू.

वस्तू न्यायला आम्हीच येऊ. दिलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तुमच्या नावाने होईल, आणि ती कुठल्या गाडीला बसली तेही कळवू. फक्त पेट्रोलची टाकी देणार असाल तर ती रिकामी करून ठेवा, लोकलमधून आणायची असते.