३.३ च्या पाकिटात ५ व्होल्टचे रेग्युलेटर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एएमएस १११७ रेग्युलेटरच्या पट्टीत आलेला चुकीचा माल व त्यामुळे झालेलं नुकसान

महोदय,

तासगाव भागातल्या बेदाणा शेडसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी छोटी यंत्रं मी बनवून देतो. त्यासाठी तुमच्याकडून एएमएस १११७ चे ३.३ व्होल्टचे ५० रेग्युलेटर (येणारं व्होल्टेज कमी करून ठरावीक ठेवणारे छोटे आयसी) घेतले. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. पहिली २२ यंत्रं व्यवस्थित चालली. पुढच्या सहाही यंत्रांत ईएसपी मॉड्यूल (वाय-फाय चिपचा छोटा बोर्ड) बोटाला चटका बसावा इतकं तापलं आणि त्यातली चार मॉड्यूल कायमची गेली. या मॉड्यूलची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट. रेग्युलेटरच्या आउटपुटला मीटर लावला तर ३.९६.

तुम्हाला फोटोसह कळवलं, तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: आउटपुटला कपॅसिटर लावा, सोल्डरिंग तपासा. त्याच फोटोत २२ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर ठळक दिसत होता. फोटो कुणी उघडूनही बघितला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तरी तुमच्या सांगण्यावरून कपॅसिटर बदलला. ग्राउंडचा टाका पुन्हा मारला. लोड नसल्याने मीटर भलतंच दाखवतोय ही शंकाही राहू नये म्हणून मॉड्यूलच्या जागी १०० ओमचा रेझिस्टर जोडला. इनपुट थेट आयसीच्या पायावर मोजलं, ५.०२ होतं. आउटपुट मात्र आधीच्या ३.९६ च्या आसपासच राहिलं.

मग मोबाइलचा चार्जर काढून ९ व्होल्टचा सप्लाय दिला. आउटपुट ५.०१ वर जाऊन थांबलं आणि सगळा उलगडा झाला. ३.३ चा आयसी असता तर ९ व्होल्टवरही त्याने ३.३ च दिले असते. हा आयसी ५ व्होल्टचा आहे. या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण एक-सव्वा व्होल्ट जास्त इनपुट लागतं. त्याला चार्जरचे ५ च मिळाले, म्हणून एखादा व्होल्ट त्याच्यातच पडला आणि ३.९६ बाहेर आले.

रेग्युलेटर ज्या खणांच्या पट्टीत आले, ती मी टाकून दिली नव्हती. तिच्यावर बाविसाव्या खणानंतर निळ्या चिकटपट्टीचा जोड आहे. जोडाच्या पुढचे आयसी भिंगाखाली, उजेडात तिरके धरून पाहिले. सगळ्यांवर ५.० छापलंय. पाकिटावरच्या लेबलवर मात्र ३.३. म्हणजे दोन वेगळ्या रिळांचे तुकडे तुमच्याकडे पॅकिंग करताना जोडले गेले. चूक कुणाकडूनही होते, पण ती कळवल्यावर ग्राहकाच्याच सोल्डरिंगकडे बोट दाखवणं बरोबर नाही. सध्या बेदाण्याचा हंगाम ऐन भरात आहे. सहा शेडवाल्यांना मी दिलेल्या तारखा पाळू शकलो नाही.

माझ्या मागण्या अशा. २८ रेग्युलेटर बदलून द्यावेत आणि जळालेल्या चार मॉड्यूलची किंमत परत करावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्याकडे हा माल ठेवलेल्या कप्प्यातला उरलेला माल आजच तपासा आणि ज्यांना तो गेला आहे त्यांना कळवा. तुमच्याकडून पॉलिटेक्निकची मुलंही माल घेतात. खिशातल्या पैशांतून आणलेलं मॉड्यूल जळालं, तर आपलंच सर्किट चुकलं असं समजून ती गप्प बसतील.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन.

न वापरलेले २२ रेग्युलेटर, काढलेले सहा, जोड असलेली पट्टी आणि लेबलसकट पाकीट माझ्याकडे आहे. तपासणीसाठी हवं असेल तर तुमच्या खर्चाने कुरियर पाठवावा. पट्टीचा जोडाचा भाग मी फोटो काढल्यावरच देईन.

आपला ग्राहक,
(सही)