बांधणीत गळालेली पाने

बडोदे

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तू जुन्या स्त्रीलेखनावर प्रबंध लिहायला घेतला आहेस, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. मासिकांतील मजकुराइतक्याच बारकाईने त्यांतील पुस्तकांच्या जाहिराती वाच. अडचण एवढीच की वर्षभराचे अंक एकत्र बांधताना वेष्टणे आणि जाहिरातींची पाने बहुधा काढून टाकली जात. त्यामुळे ग्रंथालयांतल्या जाडजूड खंडांत कथा-कविता शाबूत राहिल्या, पण लेखिकेचे पुस्तक कोणत्या शब्दांत वाचकांपुढे मांडले गेले, कोणा थोर गृहस्थाचा अभिप्राय त्याखाली छापला, किंमत किती आणे होती आणि टपालहशील निराळे होते का, हे सारे गळाले.

बडोद्यात राहून मला याचे मोल अधिक वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मोफत व सक्तीचे शिक्षण राज्यभर लागू केले आणि १९१० साली ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून आणून गावोगावी ग्रंथालये उभारायला घेतली. वाचणाऱ्या मुली तयार होत होत्या. पुण्या-मुंबईत निघालेल्या पुस्तकाची वार्ता मात्र त्यांच्यापर्यंत पोचायला हवी होती.

ती पोचली नाही तर काय होते, हे ताराबाई शिंदे यांच्याकडे पाहून कळते. स्त्रियांची बाजू मांडणारी त्यांची पुस्तिका 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली छापली गेली, जोतीराव फुल्यांनी १८८५ साली आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात तिची बाजू घेतली, आणि तरीही ती विस्मृतीत गेली, ती स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. याउलट काशीबाई कानिटकरांची कादंबरी 'रंगराव' मासिकातून क्रमशः येत राहिली आणि १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिचे वाचक मासिकानेच आधी घडवले होते. विभावरी शिरूरकर या नावाने निघालेल्या १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाचे प्रकाशक ह. वि. मोटे. ही विभावरी कोण, या कुतूहलाने महाराष्ट्र ढवळून निघाला. ज्या टोपणनावाने बाळूताई खरे यांना आसरा दिला, त्यानेच पुस्तकाचा गाजावाजाही केला. मला हा त्या काळच्या लेखिकेच्या कोंडीचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

तेव्हा 'मनोरंजन'चे सुटे अंक कुठे हाती लागले तर वेष्टणासकट छायाचित्रे घे, अंकाचा महिना व वर्ष त्यावरच टिपून ठेव, आणि मला पाठव. इथल्या जुन्या घरांतील माळ्यांवर काय सापडते ते मी पाहते आहे.

तुझी,
बडोद्याची मैत्रीण