अंबर इतक्या घाईने निकालात काढू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील परफ्यूमविषयीच्या लेखात अंबर आणि राळेच्या सुगंधांना ‘जड, गोड आणि जुनाट’ ठरवून दोन ओळींत निकालात काढले आहे. हा सुगंध तृणमण्यापासून, म्हणजे झाडांच्या प्राचीन चिकाच्या अश्मीभूत खड्यापासून काढतात, असेही त्यात म्हटले आहे. हे विधान चुकीचे आहे आणि आधीचा निवाडा, माझ्या मते, घाईचा आहे.

घोळ नावामुळे होतो. अरबीतून आलेला ‘अंबर’ हा शब्द मूळचा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या सुगंधी पदार्थाचा. युरोपात तोच पुढे तृणमण्यालाही चिकटला. बाटलीवरचा अंबर मात्र बहुधा या दोहोंपैकी एकही नसून लॅबडॅनम, लोबान आणि व्हॅनिला यांच्या मेळातून जुळवलेला गंध असतो. लॅबडॅनम ही भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस नावाच्या झुडपांची चिकट राळ. क्रीट बेटावर ती चामड्याच्या पट्ट्या लावलेल्या दाताळ्याने पानांवरून ओढून घेत, आणि त्या झुडपांत चरणाऱ्या शेळ्यांच्या केसांतूनही विंचरून काढत. अंबरच्या गोडव्याआड चामड्याची आणि किंचित जनावराची जी झाक लागते, ती या राळेची असते. शेळ्यांची नव्हे, हे सांगून ठेवतो.

गोडवा येतो तो लोबान आणि व्हॅनिलातून. व्हॅनिलाच्या गंधाचे मुख्य द्रव्य, व्हॅनिलिन, १८७४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाल्यावर परफ्यूम बनवणाऱ्यांना तो हवा तितका वापरता येऊ लागला. १९२५ मध्ये आलेल्या गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या ‘शालिमार’मध्ये बर्गमॉटच्या लिंबूवर्गीय ताजेपणाखाली व्हॅनिलाचा असा काही थर आहे की तो परफ्यूम शंभर वर्षांनंतरही विकला जातो. त्याला जुनाट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

जडपणाच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. लिंबूवर्गीय द्रव्यांचे हलके रेणू थोड्याच वेळात उडून जातात, तर राळेतील जड रेणू कातडीवर तासन्‌तास रेंगाळतात आणि सोबतच्या गंधांनाही धरून ठेवतात. म्हणूनच कागदी पट्टीवर फवारून लगेच नाकाशी धरलेला अंबर पाकासारखा दाट आणि काहीसा औषधी वाटतो. तोच मनगटावर तीन-चार तास राहू दिला, की पाकाचा चिकटपणा ओसरून कोरड्या लाकडाची, धुराची ऊब वर येते. माझ्या मफलरला आठवडाभरापूर्वीचा अंबर अजून येतो, आणि तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला येतो. अर्थात, बंद लिफ्टमध्ये चार फवारे मारून शिरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. या सुगंधाला एक फवारा पुरतो, दुसरा शेजाऱ्याच्या डोक्यात जातो.

लेखकाने हे परफ्यूम दुकानातल्या पट्टीवर पारखले असावेत, असा माझा अंदाज आहे. पुढच्या लेखापूर्वी त्यांनी यांपैकी एखादा सकाळी मनगटावर लावावा आणि त्याविषयी संध्याकाळी लिहावे, एवढी विनंती आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक नियमित वाचक